किनाऱ्यावरची विहीर खारट होऊ नये म्हणून काय करावं

समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी एका रात्रीत खारं होत नाही. साबणाला फेस कमी येऊ लागतो, भांड्यांवर पांढरे डाग राहतात, मग कधीतरी कुणीतरी म्हणतं, "पाणी मचूळ लागतंय." इथवर आलं की घाई होते आणि बहुतेक जण विहीर आणखी खोल करतात किंवा शेजारी खोल बोअर मारतात. किनाऱ्यावर याहून मोठी चूक नाही. का, ते आधी समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे.

एक काचेचा ग्लास घ्या. अर्ध्यापर्यंत मिठाचं पाणी भरा आणि त्यात थोडी शाई टाका. आता पाण्याला टेकवून चमचा धरा आणि त्याच्यावरून साधं पाणी अगदी हळू सोडा. साधं पाणी वर राहील, रंगीत पाणी खाली. आता दोन्हींच्या सीमेच्या किंचित वर स्ट्रॉ धरून हळू ओढा, स्वच्छ पाणी येईल. तिथूनच जोरात ओढा. खालचं रंगीत पाणी टेकडीसारखं वर उचललं जातं आणि थेट स्ट्रॉमध्ये शिरतं. तुमच्या विहिरीखाली हेच घडतं, फक्त स्ट्रॉच्या जागी पंप असतो.

गोड्या पाण्याचं वजन लिटरला सुमारे १ किलो, समुद्राच्या पाण्याचं सुमारे १.०२५ किलो. एवढ्याशा फरकामुळे किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. त्याचं गणित घायबेन-हर्झबर्ग नियम म्हणून ओळखलं जातं. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उलट बाजूने पाहा. ती पातळी कायमची अर्धा मीटर उतरली, तर खाऱ्याची हद्द कालांतराने २० मीटर वर सरकू शकते. वाळूच्या एकसारख्या थरात हा हिशेब बराच लागू पडतो. खडकात तो तितकासा चालत नाही. तिथे खारं पाणी भेगांतून येतं, म्हणून एक विहीर खारी आणि हाकेच्या अंतरावरची गोडी असं दिसतं. पण दिशा तीच राहते: वर थोडं गमावलं की खाली खूप गमावलं.

पायरी १: चवीवर विसंबू नका, मोजा

पाण्यातलं क्लोराईड, म्हणजे मिठाचा एक घटक, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की जिभेला ते जाणवू लागतं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम असतं. म्हणजे शंभर भागांत समुद्राचे जेमतेम दोन भाग मिसळले तरी पाणी चवीतून उतरतं. जीभ सांगेल तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हातात धरायचा साधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर किंवा पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा मीटर पुरतो. महिन्यातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी आठवड्यातून एकदा मोजा. पंप दहा मिनिटं चालल्यावरचं पाणी घ्या. साठलेलं पाणी वेगळा आकडा दाखवतं. वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, भरती होती की ओहोटी आणि त्याआधी किती वेळ उपसा झाला, हे सगळं लिहा. एकट्या आकड्याला फार अर्थ नसतो. सहा महिन्यांची रांग मात्र खूप सांगते.

उघड्या विहिरीसाठी आणखी एक युक्ती. एका बाटलीला दगड बांधा, तोंडाला बूच लावा आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. बाटली तळाशी सोडून बूच ओढलं की तळाचं पाणी मिळतं. पृष्ठभागाचं पाणी दुसऱ्या बाटलीत घ्या. दोन्हींत मोठा फरक असेल तर खारं पाणी तळाशी येऊन थांबलंय. ही वेळ सावध होण्याची आहे, आणि या वेळी सावध झालात तर विहीर हाताबाहेर गेलेली नसते.

खारटपणा दरवेळी समुद्राचाच असतो असंही नाही. सांडपाणी झिरपलं, खाडीचं पाणी वरून आलं किंवा जुन्या गाळात अडकलेलं खारं पाणी उपशाने हललं, तरी मीटर चढतो. म्हणून एकदा प्रयोगशाळेत क्लोराईड, बायकार्बोनेट आणि नायट्रेट तपासून घ्या. बायकार्बोनेटच्या मानाने क्लोराईड खूप वाढलेलं असेल तर समुद्राचा संशय पक्का होतो. नायट्रेटही जास्त असेल तर आधी शौचालयाच्या खड्ड्याकडे पाहा.

पायरी २: उपसण्याची रीत बदला

या पायरीला सर्वात कमी खर्च येतो आणि गुण सर्वात जास्त येतो, तरी लोक हिलाच टाळतात.

मोठा पंप एक तास चालवण्यापेक्षा छोटा पंप चार तास चालवा आणि पाणी टाकीत साठवा. एकूण पाणी तेवढंच मिळतं, पण विहिरीतली पातळी फार खचत नाही आणि खालची खारी टेकडी वर उचलली जात नाही. पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप, तळाशी असेल तर तो वर घ्या. पंप कोरडा पडणार नाही इतकंच पाणी त्याच्यावर राहू द्या. पातळी ठरावीक खुणेखाली गेली की पंप आपोआप बंद करणारा सेन्सर बसवता आला तर फारच उत्तम.

जास्त पाणी हवं असेल तर एका खोल विहिरीऐवजी दूर दूर अंतरावर दोन-तीन उथळ विहिरी घ्या आणि प्रत्येकीतून थोडं थोडं काढा. वाळूच्या भागात पाण्याच्या पातळीलगत आडवा सच्छिद्र पाइप पुरून वरचं पाणी एका विहिरीत गोळा करता येतं. दुधावरची साय काढावी तशी ही रीत आहे: वरवरची घ्यायची, खालचं ढवळायचं नाही.

खारा झालेला जुना बोअर तसाच उघडा सोडू नका. खालच्या खाऱ्या थरातून वरच्या गोड्या थरात जायला तो सरळ वाट करून देतो. जाणकाराकडून तो तळापासून सिमेंट आणि बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या मातीने) बुजवून घ्या.

पायरी ३: पावसाचं पाणी जमिनीत उतरवा

भूजलाची पातळी वर ठेवणारं गोडं पाणी शेवटी पावसातूनच येतं. ५० चौरस मीटरच्या छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी होतं. गळती आणि बाष्पीभवन वजा जाता ४०,००० लिटर हाती लागतं. पन्हळ स्वच्छ ठेवा आणि पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडा. त्यानंतरचं पाणी आधी पिण्याच्या टाकीत आणि टाकी भरली की वाळू-खडीच्या गाळणीतून शोषखड्ड्यात सोडा. रस्त्याचं किंवा शेतातलं वाहतं पाणी थेट विहिरीत कधीही सोडू नका, त्याच्यासोबत खतं, तेल आणि मैला जातो. शोषखड्डा शौचालयाच्या खड्ड्यापासून चांगला लांब असावा.

किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांबद्दल थोडं अधिक लिहावंसं वाटतं, कारण त्यांच्याकडे कुणी पाण्याचा साठा म्हणून पाहतच नाही. पाऊस त्यांच्यात सहज मुरतो आणि त्यांच्याखाली गोड्या पाण्याचा भिंगाच्या आकाराचा साठा तयार होतो. अ‍ॅमस्टरडॅमने अशाच टेकड्यांमधून पिण्याचं पाणी काढलं. उपसा वाढून खारं पाणी वर येऊ लागलं, तेव्हा १९५७ पासून ऱ्हाइन नदीचं पाणी आणून त्या वाळूत मुरवायला सुरुवात केली. टेकडी सपाट केली किंवा वाळू उचलून नेली की ही टाकीच फुटते. तुमच्या भागात अशी वाळू उरली असेल तर ती जपणं हे पाणीपुरवठ्याचंच काम समजा.

मोठ्या प्रमाणावर याच तत्त्वाने समुद्राला अडवताही येतं. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत १९७६ पासून किनाऱ्याजवळ विहिरींच्या रांगेतून शुद्ध केलेलं पाणी जमिनीत सोडलं जातं. त्याने भूगर्भात गोड्या पाण्याचा बांध उभा राहतो. हे एका घराचं काम नव्हे. पण खाडीच्या तोंडाशी भरतीचं पाणी रोखणारी झडपेची दारं आणि त्यांच्या आत गोड्या पाण्याचे बंधारे एखादी वस्ती नक्की सांभाळू शकते. दाराखाली गाळ किंवा काठी अडकून फट राहिली तर प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येतं, म्हणून मोठ्या भरतीआधी दारं पाहून घ्या.

पायरी ४: पाणी वापरानुसार वेगळं करा

पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज माणशी ५ लिटर धरले तर २५ लिटर लागतात. पावसाविना २४० दिवस काढायचे तर ६,००० लिटरची झाकलेली टाकी पुरते. छपरावरून मिळणाऱ्या ४०,००० लिटरपुढे ही मागणी लहान आहे. म्हणून पिण्यासाठी पावसाचं आणि धुण्या-फ्लशसाठी विहिरीचं मचूळ पाणी अशी विभागणी करा. विहिरीवरचा भार लगेच हलका होतो. साठवलेलं पाणी पिण्याआधी निर्जंतुक करायला मात्र विसरू नका.

उकळल्याने मीठ जात नाही, उलट पाणी आटून ते अधिक खारं होतं. क्लोरीन, कापडाची गाळणी, यूव्ही दिवा यांपैकी कशानेही मीठ निघत नाही. आरओने निघतं, पण त्यातून बाहेर पडणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा खारं असतं. ते शोषखड्ड्यात सोडलं तर तेच मीठ पुन्हा विहिरीत येतं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि ज्या बाया गरोदर आहेत, त्यांच्यासाठी कमी खाऱ्या पाण्याची सोय सर्वात आधी करा.

झाडांना मचूळ पाणी द्यायचंच असेल तर पानांवर फवारू नका, ठिबकने मुळाशी द्या आणि बुंध्याभोवती पालापाचोळा घाला. जमिनीवर पांढरा थर दिसू लागला की हात आखडता घ्या.

पायरी ५: शेजाऱ्यांना सोबत घ्या

विहिरी वेगळ्या असल्या तरी खालचं पाणी एकच असतं. एकाने उपसा आवरला आणि शेजारी मोठा पंप चालू राहिला तर कष्ट वाया जातात. दोन-चार विहिरींची मोजणी एकत्र ठेवा. बोलणं करताना ती वही समोर असली की भांडण होत नाही.

पायरी ६: लाटेचं पाणी विहिरीत शिरलं तर

वादळात किंवा उधाणात समुद्र थेट विहिरीत आला की मन म्हणतं, सगळं उपसून टाका. तसं करू नका. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत असंख्य विहिरी वारंवार रिकाम्या केल्या गेल्या. खारटपणा फारसा उतरला नाही आणि जास्त उपशाने खालून खारं पाणी वर यायचा धोका मात्र वाढला. गाळ, कचरा आणि घाण काढण्यापुरतंच पाणी हळूहळू उपसा, ते विहिरीपासून दूर उताराला सोडा, काठ दुरुस्त करा, विहीर निर्जंतुक करा आणि थांबा. मीठ धुऊन काढायचं काम पाऊसच करतो. तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा. दर आठवड्याला मीटर लावून आकडा लिहा आणि तो आधीच्या पातळीवर येऊन सलग काही आठवडे टिकला की मगच विहीर पुन्हा वापरात घ्या.