रिपेअरिंगच्या कामात शिसं पोटात जाऊ नये म्हणून काय करायचं

सोल्डरची वायर (जोडकामाची शिसं-कथिलाची तार) दोन मिनिटं बोटांत खेळवा आणि मग ओल्या पांढऱ्या टिश्यूने बोटं पुसून बघा. जो राखाडी डाग येतो ना, तोच आपला खरा शत्रू. आपण सगळे धुराला घाबरतो, पण बोर्डवर सोल्डरिंग आयर्नने काम करताना जो पांढरा धूर निघतो तो मुख्यतः फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरतात त्या पदार्थाचा असतो (तोही छातीला वाईटच, दमा होऊ शकतो, छोटा एक्झॉस्ट लावाच). ६०-४० वालं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर १९० डिग्रीच्या आतच वितळतं आणि शिशाची वाफ लक्षात येण्याइतकी व्हायला साधारण ५०० च्या वर जावं लागतं, त्यामुळे आयर्नवाल्यांचं शिसं नाकातून कमी आणि हातातून तोंडात जास्त जातं.

म्हणून पहिलं काम, दोन्ही हात अडकलेत म्हणून सोल्डरची वायर दातात धरायची सवय आजच्या आज सोडा. हसू नका, भले भले जुने कारागीर हेच करतात. बेंचवर पाण्याची बाटली नको, डबा नको, सिगारेट तर अजिबात नको कारण तेच बोट ओठाला लागतं. जेवायच्या आधी साबणाने नीट चोळून हात धुवा, नखांच्या आतून पण. सॅनिटायझर मारून काही होत नाही, तो जंतू मारतो, शिसं तिथेच राहतं. ग्लोव्हज घालत असाल तर चांगलंच, पण तेच घालून मोबाईल हातात घेतला आणि नंतर तो मोबाईल गालाला लावला तर काय उपयोग?

आता टॉर्चवाले. पितळी रेडिएटर झाळताना गॅसची ज्योत थेट जुन्या सांध्यावर असते, तिथे तापमान कुठच्या कुठे जातं आणि शिशाचा खरा धूर निघतो, वर तो सांधा आधी वायर ब्रशने घासला असेल तर धूळ वेगळी. इथे रुमाल किंवा कापडी मास्क म्हणजे मनाचं समाधान. पी१०० फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा) हाफ मास्क, म्हणजे नाक-तोंड झाकणारा मास्क लागतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी असेल तर तो नीट बसत नाही. आणि धूर जिथे निघतो तिथूनच ओढणारा एक्झॉस्ट हवा, नुसता पंखा लावला तर सगळं शेजारच्याच्या तोंडावर.

बॅटरी उघडणारे आणि जुना रंग घासणारे, तुमचा प्रॉब्लेम कोरडी धूळ. बॅटरीच्या प्लेटवरची शिशाची पेस्ट सुकू देऊ नका, रंग पाणी मारून घासा, संध्याकाळी कॉम्प्रेसरची हवा मारून बेंच साफ करणं बंद, झाडू पण बंद, ओलं फडकं वापरा. हवा मारली की जागा चकाचक दिसते, धूळ मात्र तुमच्या केसांत जाऊन बसते.

कामाचे कपडे आणि बूट दुकानातच सोडा, घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका. घरात रांगणारं पोर असेल तर हे स्वतःच्या तब्येतीपेक्षा जास्त मनावर घ्या, लहान मुलांच्या मेंदूला अगदी थोडं शिसंही पुरतं.

अंगात शिसं किती गेलंय ते बघायच्या टेस्टचं नाव ब्लड लेड लेव्हल. शिरेतून रक्त द्या, बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरचं शिसं मिसळून आकडा फुगू शकतो. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा असं डब्ल्यूएचओ म्हणते. काहीच त्रास होत नाही म्हणून टेस्ट टाळू नका, कारण थकवा, डोकेदुखी, पोटात कळ, बद्धकोष्ठ असलंच काहीतरी होतं आणि आपण म्हणतो झोप झाली नाही. वाढलेलं बीपी, किडनी, मूल न होणं हे हळूच येतं. डॉक्टरकडे गेलात तर काम काय करता ते आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आकडा वाढलेला आला तर शिसं काढायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, ते डॉक्टर ठरवतील. रक्तातलं शिसं अर्धं व्हायला साधारण महिना लागतो, हाडात बसलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. वरचे बदल करा आणि दोनेक महिन्यांनी परत टेस्ट करा, आकडा उतरला नसेल तर आधी बेंच आणि मोबाईल पुसून बघा.