ब्राझीलच्या जुन्या प्रांतिक नेत्याचं करिअर वाचायचं कसं

गंगापूर रोडला आमच्या अभ्यासिकेत एका पोराला परदेशातल्या राज्य पातळीवरच्या नेत्यावर दोन पानं लिहायची होती, त्यानं साओ पाउलो राज्याचा झेराल्दो आल्कमिन निवडला आणि पहिल्याच ओळीत "माजी राज्यपाल" लिहून मोकळा झाला. इथंच सगळे घसरतात. तिकडचा गव्हर्नर लोक थेट मत देऊन निवडतात, म्हणजे काम आपल्या मुख्यमंत्र्याचं, राजभवनातल्या माणसाचं नाही. तेव्हा पदाचं नाव भाषांतर करण्याआधी त्या पदाला निवडतं कोण आणि सही कशावर चालते ते बघा. मेयरचं पण तसंच, आपल्या नाशिकच्या महापौराला नगरसेवक निवडतात आणि कारभार आयुक्तांच्या हातात, तिकडं मेयर थेट निवडून येतो आणि कारभार पण तोच बघतो, त्यामुळे सिन्नर-येवल्याचा नगराध्यक्ष डोळ्यासमोर आणा, जरा जवळ जाल.

आता पदांची यादी करत बसू नका, ती कुठंही मिळते. माणूस खुर्चीवरून उठला कधी, ती तारीख शोधा. आल्कमिन 1952 चा, गाव पिंदामोन्यांगाबा (हे नाव मला पण तीनदा म्हणावं लागलं), मेडिकलला असतानाच 1973 ला नगरसेवक, 1977 ला मेयर, मग राज्याच्या विधानसभेत, मग खासदार, आणि 1995 पासून राज्याचा उपगव्हर्नर. मधे शिकून भूलतज्ज्ञ पण झाला. 2001 मधे गव्हर्नर मारियो कोवास वारले आणि खुर्ची याच्याकडं आली. पुढं 2006 चा मार्च आणि 2018 चा एप्रिल बघा (मधे परत निवडून येऊन गव्हर्नर झाला होता), दोन्ही वेळा मुदत संपायच्या आधीच राजीनामा. भांडण नाही की घोटाळा नाही, तिकडं नियमच आहे की गव्हर्नरला दुसऱ्या पदासाठी उभं राहायचं तर मतदानाच्या सहा महिने आधी खुर्ची सोडायची, आणि निवडणूक असते ऑक्टोबरात, करा हिशोब. दोन्ही वेळा भाऊ राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता आणि दोन्ही वेळा पडला. 2006 ला तर तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लुला याच्यासमोर दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीपेक्षा पण कमी मतं पडली, असं सहसा होत नाही बरं का. 2018 ला पाच टक्के पण नाही.

मग माणूस घरच्या राज्यात टिकला कसा? यासाठी एक वाईट वर्ष निवडा आणि तेवढंच नीट खणा. मी 2014 घेतो, कारण नाशिककराला ते लगेच कळतं. साओ पाउलो शहराला पाणी देणारी कांतारेरा धरणांची साखळी त्या वर्षी एवढी आटली की मे महिन्यात मृतसाठ्यातून पंप लावून पाणी उपसायला लागले. आपल्या गंगापूर धरणात मृतसाठ्याला हात घालायची वेळ आली तर सत्तेतल्या माणसाची काय अवस्था होईल सांगा. आणि पाणीपुरवठ्याची कंपनी तेव्हा राज्य सरकारच्याच ताब्यात होती, म्हणजे दुसऱ्यावर ढकलायची पण फार सोय नव्हती. तरी त्याच ऑक्टोबरात हा पहिल्याच फेरीत निवडून आला, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं. विरोधकांची ताकद, गावोगावच्या मेयरांशी संबंध, पक्षाची तिथली वीस वर्षांची पकड, कारणं या दिशेनं शोधा, नुसतं "लोकप्रिय होते" लिहू नका. लोकप्रिय कसला, तिकडं त्याला "शुशूची कांडी" म्हणायचे, शुशू ही एक बेचव फळभाजी, आपल्या भाषेत दुधीभोपळ्याची कुल्फी म्हणा. असं टोपणनाव सापडलं की जरूर टाका, अर्धा स्वभाव त्यात येतो.

पक्षाचा रकाना सगळ्यात शेवटी भरा. हा 1988 पासून ज्या पक्षात होता तो 2021 च्या डिसेंबरात सोडला, 2022 ला दुसऱ्यात गेला आणि ज्या लुलाकडून हरला होता त्याच्याच जोडीनं उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा.

तारखा आणि मतांचे आकडे त्यांच्या निवडणूक न्यायालयाच्या नोंदींशी ताडून घ्या. पूर्ण नावात शेवटी "फिल्यो" दिसलं तर ते आडनाव नाही, "चिरंजीव" आहे, बापाचं आणि पोराचं नाव सारखं असलं की लावतात, नाहीतर बापाची कामं पोराच्या खात्यात जातील. आमच्या पोराची दोन पानं झाली एकदाची, फक्त त्यातलं दीड पान धरणावरच गेलंय.