चिऱ्याच्या घरात मागच्या खोलीपर्यंत वायफाय: जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून कसा बसवावा

कोकणातल्या जुन्या घरात फायबरची तार ओटीवर येते आणि इंटरनेटही बहुधा तिथेच अडतं. ओटीवर, पडवीत फोन पळतो. माजघरात रेंजच्या दोन काड्या दिसतात. मागच्या खोलीत, जिथे मुंबईहून आलेला मुलगा दार लावून ऑफिसचं काम करणार असतो, तिथे काहीच नाही. चिऱ्याच्या फूट-दीड फूट जाडीच्या दोन भिंती मध्ये आल्या की वायफायचा जीव जातो. पावसाळ्यात हे आणखी वाढतं. चिरा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी धरून ठेवतो आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात जेमतेम चालणारी जागा जुलैत पार बंद पडते.

दुकानात गेलात की रिपीटर हातात ठेवतात. घेऊ नका. भिंतीपलीकडून आलेला अर्धमेला सिग्नलच रिपीटर पकडतो आणि पुढे ढकलतो. स्वस्तातला असेल तर ऐकणं आणि बोलणं एकाच रेडिओवर करतो, म्हणजे उरलेला वेगही निम्मा. काड्या भरलेल्या दिसतात आणि व्हिडिओ कॉल तुटत राहतो. भिंत ओलांडायची तर केबल आरपार न्यावी आणि पलीकडे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधून आलेलं इंटरनेट वायफायवर देणारा डबा, लावावा. त्यासाठी नवीन काही आणायलाच हवं असं नाही. कनेक्शन बदललं तेव्हा कपाटात टाकलेला जुना राऊटर या कामाला पुरतो.

जागा आणि केबल

जागा ठरवणं सोपं आहे. जिथे माणसं बसतात तिथे, उंचावर, उघड्यावर. लोखंडी कपाटामागे नको, फ्रीजवर नको, पत्र्याला चिकटून नको. माळ्यावर ठेवला तर दिसत नाही म्हणून बरा वाटतो, पण उन्हाळ्यात कौलांखाली तो भाजून निघतो.

केबलसाठी एकच आग्रह धरतो: अस्सल तांब्याची कॅट-६ (नेटवर्कच्या केबलचा एक प्रकार) घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल निम्म्या भावात मिळते. तिची टोकं वाकवली की तुटतात आणि दोन पावसाळ्यांत सांधे काळे पडतात. सोलून बघा, तार चाकूने खरवडून बघा; आत पांढरी चकाकी दिसली तर परत करा. लांबीची काळजी नको. नियमात १०० मीटर बसतात, घरात ३० मीटरच्या वर क्वचितच लागते. विजेच्या तारांपासून ती जरा लांब ठेवा आणि वाशांवरून नेणार असाल तर पाइपातून न्या. उंदीर केबल कुरतडतात.

भोक बाहेरच्या भिंतीला पाडायचं असेल तर बाहेरून आत जाताना ते किंचित चढतं ठेवा. केबल भोकाच्या खाली वीतभर उतरवून मग वर वळवा, म्हणजे पागोळीचं पाणी त्या वाकावरून खाली गळेल, भिंतीत शिरणार नाही. गोठ्यापर्यंत किंवा अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल मी ओढत नाही. आमच्याकडे विजा कशा पडतात ते सांगायला नको. तिथे फायबरच टाकावी.

जॅक लावताना दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे लागले पाहिजेत. एखादी जोडी नीट बसली नाही तरी बऱ्याचदा इंटरनेट चालतं, म्हणून माणूस फसतो. पण १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात. दोनच धड असतील तर वेग १०० मेगाबिटवर अडकतो. २०० चा प्लॅन घेऊन स्पीड टेस्टमध्ये कायम ९४-९५ दिसत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी जॅक कापून नवा लावा.

पत्ते कोण वाटणार

आता खरं काम. इथे मी स्वतः अडकलो होतो आणि अजूनही दर दुसऱ्या घरात हीच चूक निस्तरायला जावं लागतं, म्हणून सविस्तर सांगतो.

कुडाळजवळ मावशीच्या घरी गणपतीच्या आदल्या दिवशी मी मागच्या खोलीत जुना राऊटर बसवला. केबल त्याच्या साध्या पोर्टमध्ये खोचली, नाव-पासवर्ड तोच ठेवला, फोनवर बघितलं, चाललं. खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी चाकरमानी आले, वीसेक फोन जोडले गेले आणि आरतीच्या आधी मावशीचा फोन आला की निम्म्यांचं चालतं, निम्म्यांचं नाही. ज्यांचं चालत नव्हतं त्यांना ‘जोडलेले, इंटरनेट नाही’ असं दिसत होतं. संध्याकाळी त्यांतल्या काहींचं सुरू झालं आणि दुसऱ्या काहींचं गेलं. मी इंटरनेट कंपनीला तीन वेळा तक्रार केली. त्यांचा माणूस येऊन फायबर तपासून गेला. कंपनीची काहीच चूक नव्हती.

घडत होतं ते असं. फोन वायफायला जोडला की तो सगळ्या जाळ्याला उद्देशून विचारतो, मला पत्ता (जाळ्यात फोन ओळखू येणारा आकडा) कोण देणार? याला उत्तर देणारी सोय म्हणजे डीएचसीपी. ती फोनला पत्ता देते आणि सोबत बाहेर जायचं दार कुठलं तेही सांगते. त्या दाराला गेटवे म्हणतात. प्रत्येक राऊटरमध्ये डीएचसीपी कारखान्यातूनच चालू येते. मावशीकडे आता उत्तर देणारे दोघे झाले होते, ओटीवरचा फायबरचा डबा आणि मागचा जुना राऊटर. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचं फोन सहसा मानतो. जुन्या राऊटरने उत्तर दिलं तर तो म्हणतो, दार मीच. पण त्याच्या मागे इंटरनेट नाहीच. आदल्या दिवशी माझा फोन चालला कारण त्याच्याकडे फायबरच्या डब्याने दिलेला पत्ता अजून शिल्लक होता. पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो, ती संपत आली की पुन्हा विचारणा होते. म्हणून हा बिघाड लगेच दिसत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उगवतो, तोही एकेका फोनवर.

त्यात भर म्हणजे दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ होता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेत, १९९६ पासून तो नियमच आहे, त्यामुळे बहुतेक कंपन्या त्यातलाच एखादा टाकतात आणि टक्कर होते. एकाच वाडीत एकाच नावाची दोन घरं असली की पोस्टमनचं जे होतं, तेच इथे होतं.

तेव्हा नियम पक्का धरा: घरात पत्ते वाटणारा एकच असावा आणि तो फायबरचा डबा असावा. जुन्या राऊटरने फक्त वायफाय द्यायचं.

आधी फोन ओटीवरच्या वायफायला जोडून गेटवे कुठला आहे ते बघा. वायफायच्या नावावर दाबलं की तपशिलात दिसतो. सगळीकडे १९२.१६८.१.१ असेलच असं नाही. १९२.१६८.०.१ असतो, १९२.१६८.२९.१ ही असतो. पुढची उदाहरणं मी १.१ धरून देतो, तुमच्याकडे जो असेल त्याप्रमाणे बदला.

जुना राऊटर रिसेट करा. अजून घराच्या जाळ्याला जोडू नका. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो केबलने राऊटरच्या साध्या लॅन (घरातल्या जाळ्याच्या) पोर्टला जोडा आणि ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. वायफायचं नाव, पासवर्ड, चॅनेल (कुठला ते शेवटी सांगतो) हे सगळं आधी भरून घ्या. मग लॅनच्या सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केलं की पान हरवतं, घाबरू नका, आता नव्या पत्त्यावर जायचं आहे. तिथे पुन्हा आत शिरून डीएचसीपी बंद करा. बंद केल्याबरोबर लॅपटॉपला पत्ता देणारं कोणी उरत नाही. त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा भलताच पत्ता मिळतो आणि पान उघडतच नाही. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखी गत होते. इथे बरेचजण राऊटर बिघडला समजून पुन्हा रिसेट करतात आणि डीएचसीपी परत चालू होऊन बसते. त्यापेक्षा लॅपटॉपला हाताने पत्ता द्या: १९२.१६८.१.५० आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. पान उघडेल. काम झालं की लॅपटॉप पुन्हा स्वयंचलितवर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या जागी गेल्यावर त्याचं इंटरनेट चालणार नाही.

फायबरच्या डब्यात पत्ते वाटायची हद्द बघून घ्या. ती २ पासून सुरू होत असेल तर १०० पासून २०० पर्यंत करा, म्हणजे १.२ हा पत्ता चुकून कोणाच्या फोनला जाणार नाही.

आता केबल जोडा, आणि इथे पोर्ट चुकवू नका. राऊटरवर एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. हात आपोआप तिकडे जातो. त्यात खोचायचं नाही. फायबरच्या डब्याच्या लॅन पोर्टमधून जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टमध्ये, बस्स. वॅनमध्ये खोचून डीएचसीपी चालू ठेवा असा सल्ला देणारे भेटतात. त्याने इंटरनेट बहुतेकदा चालतं, म्हणूनच तो सल्ला टिकून आहे. पण घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. ओटीवरचा टीव्ही मागच्या खोलीतल्या फोनला दिसत नाही, प्रिंटर सापडत नाही, कॅमेऱ्याचं ॲप लटकतं. असं जोडून दिलेलं घर मी प्रत्येक वेळी सोडवून पुन्हा जोडतो.

तुमच्या राऊटरच्या मेनूत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर वरचं सगळं तो एका बटणावर करतो, आणि त्या मोडमध्ये वॅन पोर्टही चालतो. आधी तो मेनू शोधा. दहा वर्षांपूर्वीच्या स्वस्त राऊटरमध्ये तो बहुधा सापडत नाही.

तपासताना नुसतं यूट्यूब चालवून समाधान मानू नका. मागच्या खोलीत फोनला हे वायफाय विसरायला लावा, पुन्हा जोडा आणि गेटवे वाचा. १९२.१६८.१.१ दिसला तर बरोबर. १.२ दिसला तर डीएचसीपी बंद झालेली नाही. दोन-तीन फोनवर बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून घरच्यांना पुन्हा बघायला सांगा.

उरलेलं

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे अगदी सारखे ठेवा, म्हणजे चालता चालता फोन स्वतःच बदलतो. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा त्यावरची, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद. राऊटरच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड बदला.

चॅनेल, म्हणजे वायफाय ज्या लहरींच्या पट्ट्यावर चालतं तो, ‘ऑटो’वर सोडू नका. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ओटीवर १ असेल तर मागे ११ ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९ द्या. मधले ५२ ते १४४ रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात, रडारची चाहूल लागली की राऊटरला चॅनेल सोडावा लागतो, मग कॉल तुटतो. आणि सिग्नलची ताकद कमी करून बघा. दोन्ही डबे पूर्ण ताकदीवर असले की फोन ओटीवरच्या मरतुकड्या सिग्नलला चिकटून राहतो, शेजारी ॲक्सेस पॉइंट असूनही.

लाईट गेल्यावर मागचा राऊटरही चालला पाहिजे, तेव्हा त्याचा ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डवर घ्या. ओटीवरचा तर असतोच, मागचा राहून जातो.

शेवटी एक पांढरी चिकटपट्टी घ्या आणि राऊटरच्या पाठीवर लावा. तिच्यावर जाड पेनाने लिहा: ‘१९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद, वॅन पोर्ट वापरू नये, रिसेट दाबू नये.’ मावशीकडे गेल्या वर्षी भाच्याने नेट मंद वाटलं म्हणून पिन घालून रिसेट दाबलं आणि पुन्हा निम्मे फोन बंद पडले. पट्टी पावसात ओली होऊन केव्हाच गळून पडली होती. आता मी पट्टीवरून पारदर्शक टेप मारतो.