फ्रान्सच्या वाहनमुक्त सायकलवाटांवर जाताना या चुका टाळा

फ्रान्सच्या ग्रामीण भागात मोटारींपासून दूर राहून दिवसचे दिवस सायकल चालवता येते, हे आता पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारांना आणि नोकरीनिमित्त युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना चांगले ठाऊक झाले आहे. बुरगुंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या लोहमार्गावर १९९७ साली अशी पहिली वाट खुली झाली आणि त्यानंतर जुने लोहमार्ग, कालव्यांचे काठ व नद्यांचे बांध यांवरून असे मार्ग देशभर पसरत गेले. वाट सपाट आहे, वाहनांची भीती नाही, तेव्हा तयारीचीही फारशी गरज नाही, असा समज करून घेऊन लोक निघतात आणि दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका करताना दिसतात. त्या वेळीच टाळल्या तर हा प्रवास किती सुखाचा होतो हे मी पाहिले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

नकाशावरच्या रेघेवर विसंबून टायर निवडणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. फ्रान्समध्ये ‘व्ह्वा व्हेर्त’ म्हणजे मोटारींना कायद्याने बंदी असलेली वाट. तिच्यावर सायकलस्वार, पायी चालणारे आणि काही ठिकाणी घोडेस्वार यांनाच मुभा असते. ‘व्हेलोरूत’ म्हणजे पाट्या लावून आखलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग, ज्याचा काही भाग वाहनमुक्त असतो आणि काही भाग कमी रहदारीच्या गावरस्त्यांवरून जातो. मोबाइलवरच्या नकाशात दोन्ही एकाच रंगात दिसतात आणि लहान मुलांना घेऊन निघालेली कुटुंबे अचानक मोटारींच्या रस्त्यावर येऊन पोहोचतात.

त्याहून मोठा फरक वाटेच्या पृष्ठभागाचा असतो. या वाटा बांधणे आणि राखणे हे काम बहुतेक ठिकाणी देपार्तमाँकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाकडे असते, त्यामुळे देपार्तमाँची हद्द ओलांडली की गुळगुळीत डांबर संपून माती सुरू होऊ शकते. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कनाल द्यु मिदी. पिएर-पॉल रिके यांनी सतराव्या शतकात उभारलेला आणि १९९६ पासून जागतिक वारसा यादीत असलेला हा सुमारे २४० किलोमीटरचा कालवा तुलूझहून भूमध्य समुद्राकडे जातो. तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर डांबरी, सावलीचे आणि अतिशय सुखाचे आहेत. त्यानंतर ओद देपार्तमाँ लागते. तेथे काही पट्टे सुधारले असले, तरी बऱ्याच ठिकाणी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली जुनी मातीची वाटच उरते आणि तिच्यावर चिनारांची मुळे मनगटाएवढी वर आलेली असतात.

याच टप्प्यात पुण्याहून आलेले दोन तरुण मला भेटले. दोघेही घाट चढण्यात तयार, पायांत भरपूर ताकद. त्यांनी तुलूझमध्ये शर्यतीच्या धाटणीच्या, २५ मिलिमीटर टायरच्या सायकली भाड्याने घेतल्या होत्या, मागे कॅरिअर बसवून दोन्ही बाजूंना भरगच्च पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लटकवले होते आणि समुद्रापर्यंतचे सगळे अंतर दोन दिवसांत कापण्याचे ठरवले होते. कास्तेलनोदारीच्या अलीकडे त्यांच्यापैकी एकाच्या कॅरिअरचा स्क्रू हादऱ्यांनी ढिला होऊन गळून पडला, कॅरिअर एका बाजूला कलले, पॅनिअर मागच्या चाकात गेला आणि दोन तारा तुटल्या. दुसऱ्याची ट्यूब मुळावर आपटून दोन ठिकाणी फाटली होती. “काका, वाट सपाट आहे असे सगळीकडे लिहिले होते हो,” असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि त्यात खोटे काहीच नव्हते; वाट चढउताराच्या अर्थाने सपाटच होती. मी माझ्याजवळचा एक स्क्रू दिला, कॅरिअर बांधले, चाकाचा घासणारा भाग ब्रेक सैल करून मोकळा केला आणि ते हळूहळू कास्तेलनोदारीच्या स्टेशनावर पोहोचून कार्कासोनची गाडी पकडू शकले. त्यांच्या ताकदीत काही कमी नव्हते. दोन दिवसांत समुद्र गाठायचा या घाईने त्यांना वाटेची चौकशीच करू दिली नव्हती.

माझी सवय सांगतो. टायर ३८ ते ४० मिलिमीटरचे घेतो आणि मातीच्या वाटेवर हवा थोडी कमी ठेवतो. रोज संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर, हातपाय धुण्याआधी, कॅरिअरचा प्रत्येक स्क्रू पान्याने तपासतो आणि पाच मिलिमीटरचे चार-पाच स्क्रू नेहमी जवळ बाळगतो. दुसऱ्या दिवशीच्या वाटेचा पृष्ठभाग आदल्या रात्री पाहतो, आणि पाऊस झालेला असेल तर मातीचा काठ सोडून शेजारचा लहान गावरस्ता धरतो. वाहनमुक्त वाटेचा आग्रह चिखलातही धरणे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी. चिनारांना लागणारा बुरशीचा रोग २००६ साली या कालव्यावर आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडे तोडावी लागली. जुन्या छायाचित्रांत दिसणारी सलग सावली आता प्रत्येक ठिकाणी नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे अंतर सकाळीच कापून टाकावे.

वाटेत काहीतरी मिळेल असे गृहीत धरणे

ज्या वाटेवर मोटारी नाहीत, त्या वाटेवर दुकानेही नसतात, ही साधी गोष्ट आपल्या माणसांच्या लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे कोणत्याही रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटरांत चहाची टपरी लागतेच. जुना लोहमार्ग गावातून जात नाही, गावाला वळसा घालून जातो. स्टेशन खाली आणि गाव टेकडीवर, अशी रचना अनेक ठिकाणी असते. शिवाय खेड्यांतली बरीच दुकाने दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती दोन-अडीचनंतर, काही ठिकाणी त्याहूनही उशिरा उघडतात. रविवारी दुपारनंतर जवळपास सगळे बंद, आणि सोमवारी अनेक बेकऱ्या व उपाहारगृहे बंद. उपाहारगृहात दुपारचे जेवण बारा ते दीडच्या सुमारास मिळते. त्यानंतर कितीही विनवले तरी चूल पुन्हा पेटत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

मे महिना तर खास फसवा आहे. १ मे आणि ८ मे या सुट्ट्या असतात, शिवाय येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवारही बहुधा याच महिन्यात येतो आणि त्याला जोडून शुक्रवार घेण्याची पद्धत आहे. नाँतपासून ब्रेस्तपर्यंत ब्रिटनीतून जाणाऱ्या कालव्याच्या काठी अशाच एका गुरुवारी लंडनहून आलेले एक मराठी कुटुंब मला तंबू ठोकण्याच्या तळावर भेटले. आई, वडील, दोन मुले आणि सगळ्यांत मिळून एक अर्धवट पाव. सकाळी गावातून निघताना बेकरी उघडी होती, पण “पुढच्या गावात घेऊ” म्हणून ते थांबले नाहीत, आणि पुढच्या दोन्ही गावांत दारे बंद. वडील मला मोबाइल दाखवून सांगत होते की यात तर दुकान उघडे दिसते आहे. माझ्याजवळ तांदूळ, मूगडाळ आणि हळद-मिठाची पुडी होती, तेव्हा सगळ्यांना पुरेल इतकी खिचडी छोट्या स्टोव्हवर दोन वेळा करून झाली. धाकटा तर पातेले पुसून खात होता. मुलांना उपाशी पाहणे मला सहन होत नाही, म्हणून हा मुद्दा मी इतका लांबवतो आहे.

सकाळी साडेअकराच्या आत दुपारचे जेवण पॅनिअरमध्ये असलेच पाहिजे, आणि रविवारी सकाळी मंगळवार सकाळपर्यंतची शिधासामग्री, हा माझा नियम आहे. शाकाहारी लोकांनी तर तो मोडूच नये, कारण खेड्यातल्या उपाहारगृहात रोजच्या ठरलेल्या जेवणात मांस किंवा मासे असण्याचीच शक्यता जास्त. ऑम्लेट चालत असेल तर निभावते, नाहीतर पाव, चीज आणि फळे यांवर दिवस काढावा लागतो.

पाण्याचे मात्र सोपे आहे. गावातली दफनभूमी शोधावी. तेथे फुलझाडांसाठी नळ असतो. ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नये.

इतर चुका

रस्ता ओलांडण्याच्या जागी लावलेले लोखंडी अडसर पाहून वेग कमी न करणे. पॅनिअर अडकून पडण्याचे प्रसंग येथेच घडतात, आणि बहुतेक अशा जागी थांबण्याची पाटी सायकलस्वारासाठी असते, मोटारीसाठी नव्हे.

पायी चालणाऱ्या वृद्धांच्या मागून घंटी न वाजवता सुसाट जाणे. घंटी कायद्याने सक्तीची आहे. वाट सर्वांची आहे. ज्यांना दिवसाचे सरासरी वेग मोजायचे आहेत त्यांनी दुसरी जागा पाहावी.

बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेटशिवाय नेणे. २०१७ पासून ते सक्तीचे आहे, मूल मागच्या आसनावर बसलेले असले तरीही.

वाऱ्याचा विचार न करणे. ऱ्होन नदीच्या काठची व्हियाऱ्होना ही सायकलवाट उत्तरेकडून दक्षिणेकडेच करावी, कारण मिस्त्राल वारा उत्तरेकडून येतो आणि त्याच्याविरुद्ध सपाट वाटही चढासारखी होते. ल्वार नदीवर वारा बहुधा पश्चिमेचा असतो.

हिवाळ्यात क्लुनी ते माकाँ जाताना ब्वा क्लेर बोगदा उघडा असेल असे मानणे. सुमारे १६०० मीटरांचा हा जुना रेल्वे बोगदा वटवाघळांसाठी हिवाळ्यात बंद ठेवतात आणि तेव्हा खिंडीवरून चढून जावे लागते. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, म्हणून जाकीट हाताशी ठेवावे.

ऑक्टोबरमध्ये नगरपालिकेच्या स्वस्त तळांच्या भरवशावर निघणे. त्यांतले पुष्कळ सप्टेंबरअखेर बंद होतात.

परतीची गाडी शेवटच्या दिवशी पाहणे

प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुधा विनामूल्य नेता येते, पण उन्हाळ्यात काही मार्गांवर जागा आधी राखून ठेवावी लागते. तेजेवे या वेगवान रेल्वेगाड्यांमध्ये सायकलची जागा काही गाड्यांतच असते आणि तिचे वेगळे शुल्क पडते. नाहीतर सायकल सुटी करून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत भरावी लागते. स्टेशनाच्या फलाटावर, गाडी यायला दहा मिनिटे असताना, पेडल काढायचा पाना शोधणारे लोक मी पुन्हा पुन्हा पाहतो. ही पिशवी भरण्याचा सराव घरीच करावा. दुरुस्तीमुळे किंवा संपामुळे गाडीऐवजी बस सोडली जाते तेव्हा तिच्यात सायकल घेतीलच याचा भरवसा नसतो, म्हणून विमानाच्या आधीचा एक पूर्ण दिवस मोकळा ठेवून मोठ्या स्टेशनाच्या गावी आदल्या रात्रीच पोहोचावे.