टवका नसलेला पीस आणि गावाची चिठ्ठी

माझे वडील टिपर चालवायचे. वाघोलीच्या दगडखाणींतून खडी भरायची आणि पुण्यातल्या साइटवर नेऊन ओतायची, दिवसाला चार खेपा. 1991 च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी डब्याच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. काळ्या कातळाचा मुठीएवढा तुकडा, त्यावर मोतिया रंगाच्या पाकळ्या आणि पाकळ्यांच्या मधोमध गडद निळे दोन गोळे, बोराच्या बीएवढे. "सुरुंग उडवल्यावर निघालं. क्रशरमध्येच जायचं होतं, म्हटलं पोरीला दाखवावं," एवढंच म्हणाले.

पाकळ्या स्टिलबाइट नावाच्या खनिजाच्या होत्या आणि निळे गोळे कॅव्हन्साइटचे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांच्या नावांवरून ते नाव पडलं. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडलं, पण जगभरच्या संग्राहकांना ते माहीत झालं वाघोलीमुळे. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. पाकळ्यांवरची तांबूस माती काढायला मी फरशी धुवायचं ॲसिड वापरलं. एका कोपऱ्यातली चमक गेली ती गेलीच. तो दगड आजही माझ्याकडे आहे आणि तो कोपरा आजही खडूसारखा दिसतो.

आता कपाटात 163 पीस आहेत. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, असा खनिजांचा संग्रह करायला सुरुवात कशी करायची? तर माझा अनुभव असा.

आधी पैसे काढू नका, आधी डोळा तयार करा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक पूर्ण दिवस घालवा. नुसतं "काय सुंदर!" म्हणत पुढे जाऊ नका. एकच खनिज धरा, समजा स्टिलबाइट, आणि तिथे त्याची जितकी रूपं दिसतील तितकी बघा. पेंढी मधोमध आवळून बांधावी तशी त्याची जुडी असते. ह्यूलँडाइटचे स्फटिक शवपेटीच्या आकाराचे असतात. स्कोलेसाइटच्या सुया एका बिंदूतून पसरतात. अपोफिलाइट कधी चौकोनी ठोकळ्यासारखं, तर कधी टोकदार. ही ओळख एकदा डोळ्यात बसली की दुकानदार काय सांगतो यावर अवलंबून राहावं लागत नाही.

हे सगळं आपल्याकडेच इतकं का सापडतं? साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत ही खनिजं वाढवली. म्हणून जळगाव, नाशिक, राहुरी, पुणे, मुंबईचं मालाड, जिथे जिथे काळा दगड फोडला गेला तिथे तिथे ती बाहेर आली. बोरघाटात 1863 मध्ये रेल्वे पूर्ण झाली, त्या खोदकामातही स्फटिक निघाले होते. थोडक्यात, खडीसाठी आणि रस्त्यांसाठी दगड फुटतो म्हणून आपल्याला हे बघायला मिळतं. त्यातलं बहुतेक सगळं क्रशरमध्ये जातं, याचं मला आजही वाईट वाटतं.

स्वतः शोधायला जायचं असेल तर खाणमालकाची परवानगी घेऊनच जा, सुट्टीच्या दिवशी, हेल्मेट घालून, आणि ताज्या फोडलेल्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहू नका. खाणकामगारांशी बोला. कुठल्या थरात "पोकळ दगड" लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांनी काढून ठेवलेला पीस घेतलात तर त्यांना रास्त पैसे द्या. लेण्यांच्या भिंतींना आणि लोणारच्या विवरात मात्र हात लावायचा नाही. ती संरक्षित ठिकाणं आहेत.

विकत घेताना सोनाराकडे असतं तसं दहा पटीचं भिंग जवळ हवं. पीस उन्हात किंवा दिव्याखाली धरून सावकाश फिरवा आणि टवका शोधा. स्फटिकाच्या टोकाला आणि कडांना टवका उडाला असेल तर तिथे प्रकाश वेगळा चमकतो. अपोफिलाइट आडवं सहज चिरतं, म्हणून त्याचं टोक नीट बघा. सपाट भागावर बारीक पायऱ्या दिसल्या तर टोक तुटलेलं आहे. मागच्या बाजूला किंवा बुडाशी टवका चालतो, पण जी बाजू कपाटात समोर येणार तिथे नको. नवशिके नेहमी मोठ्या पीसकडे ओढले जातात. मीही ओढले गेले होते. दोन किलोचा टवके उडालेला तुकडा कोपऱ्यात धूळ खात पडतो आणि अंगठ्याएवढा निर्दोष पीस रोज बघावासा वाटतो. माझं सगळ्यात आवडतं हिरवं अपोफिलाइट जेमतेम तीन सेंटिमीटरचं आहे. हा हिरवा रंगही व्हॅनेडियमचाच.

आता फसवणुकीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यात माझे 4500 रुपये गेले आहेत. एका प्रदर्शनात मी स्टिलबाइटवर बसलेला कॅव्हन्साइटचा टपोरा गोळा घेतला. घरी आल्यावर भिंगाखाली गोळ्याच्या बुडाशी एक पातळ, काचेसारखं चकचकीत कडं दिसलं. त्यात काळ्या दगडाची भुकटी दाबून बसवलेली होती. गोळा खरा, स्टिलबाइटही खरं, पण दोघांची गाठ गोंदाने घातलेली. तेव्हापासून मी तीन गोष्टी बघते. एक, स्फटिक जिथे टेकतो ती जागा. मुळात वाढलेल्या गोळ्याच्या सुया आजूबाजूच्या पाकळ्यांत शिरलेल्या असतात, कधी पाकळी अर्धी त्याच्यावर चढलेली असते. चिकटवलेला गोळा वर नुसता ठेवल्यासारखा दिसतो. दोन, नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च. बरेच गोंद तिच्याखाली निळसर पांढरे चमकतात. कॅल्साइट हे खनिजही कधी कधी चमकतं, म्हणून चमक सांध्याच्या रेषेतच आहे का ते बघा. तीन, सरळ प्रश्न: "जोडलाय का?" प्रामाणिक विक्रेता लगेच सांगतो. जोडलेला पीस घेणं पाप नाही, पण तसं सांगून आणि त्या किमतीला विकलेला हवा.

रंगवलेले पीस ओळखणं त्यामानाने सोपं. भडक गुलाबी, जांभळे, निळे दगड दिसले की भेगांत बघा, रंग तिथे साचलेला असतो. ओकेनाइटचे कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे असे रंगवून विकतात. मूळचं ते शुभ्रच असतं आणि शुभ्रच देखणं दिसतं.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला फार उशिरा कळली. पीससोबत गाव आलं पाहिजे. विक्रेत्याला विचारलं तर "पुण्याचा माल" किंवा "जळगाव" एवढंच उत्तर मिळतं. तेवढ्यावर थांबू नका. कुठलं गाव, कुठली खाण, रस्त्याचं काम की विहीर, कधी निघाला? एखाद्याला आपली जागा सांगायची नसते, तेही समजून घ्या, पण निदान तालुका तरी मिळवा. खाण बुजते, तिच्यावर इमारत उभी राहते, आणि मग त्या जागेची साक्ष द्यायला हा तुकडाच उरतो. गाव ठाऊक नसेल तर तो नुसता शोभेचा दगड.

म्हणून पीस घरी आला की त्याच दिवशी चिठ्ठी करा: खनिजांची नावं, गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कुणाकडून घेतला, किती रुपयांना. न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घाला आणि तोच क्रमांक वहीत लिहा. जुन्या संग्रहातला पीस आला तर त्याची मूळ चिठ्ठी जपा. तिच्यावर पूना, अहमदनगर, औरंगाबाद असं लिहिलेलं असेल तर खोडू नका. शेजारी आपली नवी चिठ्ठी ठेवा.

सफाईचं थोडक्यात: साधं पाणी, मऊ टूथब्रश, सावलीत वाळवणं. ॲसिड नको, गरम पाणी नको. ओकेनाइट, मेसोलाइट यांसारख्या केसाळ पीसना पाणीही नको, बोटही नको, फक्त दाबून हवा सोडायच्या रबरी फुग्याने हवा मारा. ओकेनाइटचे केस एकदा चिकटून बसले की पुन्हा उभे राहत नाहीत. लाउमोंटाइट घेताना दोनदा विचार करा. कोरड्या हवेत ते अंगातलं पाणी सोडतं आणि भुगा होतं. माझ्याकडचं पुण्याच्या एका एप्रिल-मेमध्ये कागदावर पिठासारखं पडलं होतं. ॲमेथिस्ट खिडकीपासून लांब ठेवा, उन्हाने त्याचा जांभळा रंग उतरतो.

कपाट काचेच्या दारांचं हवं आणि आत एलईडीचा दिवा, कारण हॅलोजन तापतो. मागचा कागद फिका राखाडी लावा, पांढरं स्टिलबाइट आणि निळं कॅव्हन्साइट दोन्ही त्यावर उठून दिसतात. दोन पीसच्या मध्ये हाताच्या तळव्याएवढी जागा सोडा. माझ्या कपाटात वरच्या फळीवर मधोमध पहिल्या क्रमांकाचा पीस आहे, खडूसारखा कोपरा भिंतीकडे वळवून ठेवलेला. त्याची चिठ्ठी मी 2009 मध्ये लिहिली, वडिलांना समोर बसवून. खाणीचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण वाट आठवत होती. म्हणून चिठ्ठीवर त्यांच्याच शब्दांत आहे: "वाघोली, नगर रोडवरून आत, वडाच्या झाडापुढची दुसरी खाण, मे 1991, तिसरी खेप."