झोनबदलाची नोटीस निघाली आहे? हरकतीच्या तयारीची यादी

वस्तीलगतच्या जमिनीचा झोन, म्हणजे तिचा ठरवून दिलेला वापर, बदलून ती औद्योगिक करायचा प्रस्ताव आला असेल तर ही यादी कामाची. आधी मूळ नोटीस मिळवा. मोबाइलवर फिरणारा धूसर फोटो चालणार नाही, राजपत्रातली किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात हवी. कोणतं कलम, कोणते सर्व्हे किंवा गट नंबर, हरकत कोणाकडे आणि कधीपर्यंत द्यायची, एवढं त्यात पेन्सिलीने अधोरेखित करा. मंजूर विकास योजनेतला फेरबदल असेल तर बहुधा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 37 दिसेल, प्रादेशिक योजनेतल्या गावासाठी कलम 20. कलम 37 खाली हरकतींना एक महिना मिळतो आणि तो नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, आपल्याला कळलं त्या दिवसापासून नव्हे. शेवटची तारीख प्रत्येक इमारतीच्या फलकावर लावा.

मग नगररचना कार्यालयात जाऊन प्रस्तावाचा नकाशा प्रत्यक्ष बघा. भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला त्या जमिनीचा भाग) आणि झोन दाखला (ती जमीन आज कोणत्या झोनमध्ये आहे याचा दाखला) मागा. माहिती अधिकाराचा अर्जही त्याच दिवशी टाका: शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. फेरबदल कोणी मागितला, त्यावरचा ठराव आणि नगररचना विभागाचे अभिप्राय, एवढंच विचारा. मात्र उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणजे तोवर हरकतीची मुदत उलटून गेलेली असेल. म्हणून उत्तरासाठी हरकत अडवून ठेवू नका.

आता मुद्दे, आणि खरा वेळ इथेच द्यायचा. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ हे कारण नव्हे. झोन बदलला की नकाशावरचा रंग तर बदलतोच, पण आपल्याला संरक्षण देणारी मोजपट्टीही बदलते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 पाहा: निवासी क्षेत्रात रात्री 10 नंतर मर्यादा 45 डेसिबल आहे, औद्योगिक क्षेत्रात 70. आज मध्यरात्री चालणाऱ्या ज्या यंत्राविरुद्ध तक्रार करता येते, तेच यंत्र उद्या त्या आवारात नियमात बसू शकतं. हा मुद्दा हरकतीत आकड्यांसह लिहा.

रस्त्यासाठी मेजरिंग टेप घेऊन संध्याकाळी बाहेर पडा, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असताना. सर्वांत अरुंद जागा, शाळेसमोरचा तुकडा आणि वळणाचा कोपरा मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा. चाळीस फुटी कंटेनर नुसताच 12 मीटरहून लांब असतो, त्याला ओढणारा पुढचा ट्रकचा भाग वेगळा. तो कंटेनर त्या कोपऱ्यावर वळणार कसा, हा प्रश्न फोटोसकट विचारला की त्याला उत्तर द्यावं लागतं. विहिरी आणि बोअरवेल असतील तर पाण्याची तपासणी आत्ताच, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्या आणि नमुना त्यांच्याच माणसाला घेऊ द्या. पुढे पाणी बिघडलं तर ‘आधीपासूनच असं होतं’ म्हणायला कोणाला जागा राहणार नाही.

कायद्याचा मुद्दा एकच पण वजनदार. विकास योजनेचं मूळ स्वरूप बदलणार नाही, अशाच फेरबदलासाठी कलम 37 आहे. वस्तीला लागून मोठं क्षेत्र औद्योगिक करणं त्यात कसं बसतं, हे स्पष्ट विचारा.

‘पुढे पर्यावरणाची जनसुनावणी होईल, तेव्हा बोलू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना फक्त सूचीतल्या प्रकल्पांना लागू होते आणि त्यातल्याही सगळ्यांना जनसुनावणी नसते. साधी फॅब्रिकेशनची शेड त्या सूचीत येतच नाही. बोलण्याची हक्काची वेळ कदाचित हीच आहे.

कामगारांविरुद्ध किंवा उद्योगाविरुद्ध एक अक्षरही लिहू नका. ते अन्यायाचं आहे, आणि आपली बाजूही त्याने पडते. आपलं म्हणणं ‘इथे का नको’ एवढंच आहे. जवळच्या औद्योगिक क्षेत्रात मोकळे भूखंड असतील तर तेही दाखवून द्या.

हरकती घराघरातून, ज्याच्या त्याच्या शब्दांत जाऊ द्या. शंभर सह्यांचं एकच पत्र एका ओळीत निकालात काढता येतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव जोडून एक सामूहिक हरकत द्याच, पण ती जास्तीची. कायद्याने हरकत कोणालाही घेता येते, त्यामुळे भाडेकरूंनाही सांगा. ते आपल्यासारखेच इथे श्वास घेतात. प्रत्येक पत्रात ‘मला सुनावणीची संधी मिळावी’ हे वाक्य हवंच. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी गर्दी असते आणि साहेब दौऱ्यावर.

सुनावणीला आजी-आजोबांनाही न्या, पण कोण काय बोलणार ते आदल्या दिवशी ठरवा. एकाने आवाज, दुसऱ्याने रस्ता, तिसऱ्याने पाणी. बोललेलं लेखी देऊन त्याचीही पोच घ्या. त्यानंतर प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो, तेव्हा राजपत्र नियमित पाहण्याचं काम एका नेमक्या माणसाकडे सोपवा. मंजुरी निघालीच तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे, आणि वकील पहिल्याच भेटीत नोटीस, शिक्क्याच्या पोचा आणि सुनावणीचे कागद मागतील. ते सगळे तारीखवार एका फायलीत लावून ठेवा.