सच्छिद्र स्फटिकात रेणू हळू शिरतोय? छिद्रांना दोष देण्याआधी या चुका टाळा

झिओलाइटमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या स्फटिकी खनिजात, वायू रेंगाळत शिरू लागला की आपण लगेच म्हणतो, ‘छिद्रं अरुंद आहेत.’ हा निकाल बहुधा घाईचा असतो. रेणू नेमका कुठे अडतोय, ते आधी शोधायला हवं.

पहिली शंका नमुन्यावर घ्या. छिद्रांत पाणी किंवा विद्रावक उरला असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया गेलं. निर्वातात तापवा, वजन स्थिर होईपर्यंत थांबा.

दुसरी चूक म्हणजे कागदावरच्या व्यासावर डोळे मिटून विश्वास. झिफ-8 हा धातू आणि सेंद्रिय कड्यांचा सच्छिद्र स्फटिक. त्याच्या खिडकीचा, म्हणजे छिद्राच्या तोंडाचा, व्यास 0.34 नॅनोमीटर, नायट्रोजनच्या रेणूचा साधारण 0.36. हिशेबाने तो बाहेरच राहायला हवा, पण आत जातो. खिडकीभोवतीची इमिडॅझोलेटची (सेंद्रिय रेणूंची) कडी हलतात, वाट मोकळी होते. उलट उदाहरण 4ए झिओलाइटचं, आणि मला तेच जास्त बोलकं वाटतं. कागदावर त्याची खिडकी नायट्रोजनपेक्षा मोठी आहे. खोलीच्या तापमानाला त्यात नायट्रोजन शिरतो. 77 केल्विनला (उणे 196 अंश सेल्सिअस) जवळपास शिरतच नाही, कारण खिडकी ओलांडायला लागणारी ऊर्जा त्याच्याकडे उरत नाही. म्हणून 77 केल्विनवर नायट्रोजनने मोजलेलं नमुन्याचं पृष्ठफळ शून्याच्या आसपास आलं तर ‘छिद्रंच नाहीत’ असं लिहून मोकळे होऊ नका. 273 केल्विनला कार्बन डायऑक्साइडने पुन्हा मोजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: एकाच आकाराच्या स्फटिकांवर प्रयोग करून विसरण गुणांक (रेणू किती वेगाने पसरतो त्याचं माप) काढू नका. त्याच पदार्थाचे निम्म्या आकाराचे स्फटिक घ्या. वायू आत भरायला लागणारा वेळ एक चतुर्थांश झाला तर अडथळा आतल्या वाटेत आहे. निम्माच झाला तर रेणू दारातच, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठभागावर अडतोय. तिथली तोंडं बुजलेली असू शकतात. ही एक तुलना महिन्यांची मेहनत वाचवते.

नमुन्याचं प्रमाणही बदलून बघा. जाड थरात अधिशोषणाची, म्हणजे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटताना निघणारी, उष्णता साठते, कणांमधल्या फटींतून वायू पोचायलाही वेळ लागतो. थर पातळ केल्यावर वेळेनुसार शोषणाचा वक्र बदलला, तर तुम्ही आजवर स्फटिक नव्हे, थर मोजत होता.

आणि एनएमआरचा (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची हालचाल टिपणाऱ्या तंत्राचा) विसरण गुणांकाचा आकडा अधिशोषणाच्या प्रयोगातल्या आकड्याशी जुळला नाही म्हणून लगेच घाबरू नका. समतोलात एकेक रेणू किती भटकतो, हे पहिला सांगतो. दुसरा सांगतो सांद्रतेच्या उतारावरून होणारा प्रवाह. छिद्रं जवळपास रिकामी असतानाच या दोन्हींची थेट तुलना करता येते.